फिकं मटण आणि स्पेनची वाईन

मैत्रिणींनो, आज दुपारपासून डोकं फिरलंय.

नवऱ्याने पुण्याहून स्पेनची लाल वाईन आणली. स्वस्तातलीच, पण तोरा असा की विचारू नका. "हिच्यासंगं झणझणीत चालत न्हाई, फिकं मटण कर," म्हणाला. मी मोबाईलवर शोधून लसूण-मिरपूड लावून मटण भाजलं, वांगीही भाजली. काळ्या तिखटाला हात लावला नाही.

माजलगावचे त्याचे दोन दोस्त जेवायला आले. पहिल्याच घासाला एकजण म्हणाला, "वहिनी, लई मिळमिळीत झालंय. काळं तिखट हाय का?" मी नवऱ्याकडे बघितलं. तर डबा आल्यावर पहिला चमचा त्याचाच. मग वाईन आंबट लागायला लागली, म्हणून तिघांनी ग्लासात कोल्ड्रिंक ओतलं. वर म्हणतात, "ही चढत न्हाई बे."

शोधलं मी, रांधलं मी. "तू घोटभर बघतीस का?" असं एकानेही विचारलं नाही.

ते गेल्यावर बाटलीच्या तळाशी उरलेली मीच घेतली, त्याच फिक्या मटणासोबत. अशी जमली होती म्हणून सांगू.

आता हे नवऱ्याला सांगायचं, की पुढच्या बाटलीपर्यंत गप्प बसायचं?