नव्या धोपेची तपासणी

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. बेंगळुरात तीनशे वर्षं मुरलेलं आमचं मराठी घर, त्यामुळे घरातली मराठीही 'स्वल्प कॉफी दे ग' अशी. घरात एक धोप होती, सरळ लांब पात्याची तलवार, कुणा पूर्वजाच्या कमरेची. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, ती बाहेर निघायची. १९९०च्या सुमाराला अण्णांनी ती म्यानातून ओढली आणि हातात नुसती मूठ आली. पातं आतच मोडलं होतं. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

मग एकच ध्यास, तशीच्या तशी नवी करून घ्यायची. चिकपेटेतल्या ओळखीतून एक लोहार गाठला. पोलाद ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं, मूठ मात्र जुनीच. तयार झाल्यावर चादरीत गुंडाळून रिक्षानं बनशंकरीला माझ्याकडे घेऊन आले.

"तू सरकारी प्रयोगशाळेत धातू तपासतेस ना? मग ही तपास. देवापुढे ठेवण्याजोगी आहे का, एवढंच सांग. तू म्हणशील ते सरी, तेच बरोबर."

झालं! माझ्यातली शहाणी जागी झाली. वजन केलं, तोल पाहिला, पातं वाकवून सोडलं; ते सरळ परत आलं. कडेवर कानस घासून पाहिली. तोल मुठीपासून जरा लांब, म्हणून मनगटाला जड; पण पोलाद उत्तम, पाणी नीट दिलेलं. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत बसले होते, निकालाला आलेल्या पोरासारखे.

"छान झालीय, अण्णा."

केवढे खुलले ते! तिथेच तोंड मिटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण माझी मेलीची जीभ कुठली राहते!

"फक्त हिला पंचामृताची आंघोळ नको. जुनीला त्यानंच खाल्लं."

"म्हणजे?"

"दूध, दही, मध, वर पाणी. पंच्यानं पुसून लगेच म्यानात बंद, ते वर्षभर. ओल जाणार कुठे? गंजानं आतून पोखरलं."

ऑफिसात नवीन आलेल्यांना शिकवते, त्याच आवाजात मी हे सांगितलं.

अण्णांनी चादर धोपेवर ओढली. मग म्हणाले, "माझे वडील नुसतं तेल लावायचे. तेवढ्यानं देवाचं कमी पडतं असं मला वाटलं. पंचामृत मी सुरू केलं."

मला हे ठाऊकच नव्हतं. चाळीस वर्षं, उपाशीपोटी, सोवळ्यात, स्वतःच्या हातांनी त्यांनी तो अभिषेक केला होता.

"तेलच लावत राहिलो असतो तर?"

खोटं बोलायची वेळ होती ती. खरं सांगून मी कुठला झेंडा लावणार होते?

"टिकली असती," मी म्हणाले. "अजून दोनशे वर्षंसुद्धा."

त्या खंडेनवमीला नवी धोप पाटावर मांडली. अण्णा भिंतीला टेकून बसलेले, हात उपरण्यात. "तू कर पूजा. माझे हात नकोत तिला." मी पाया पडले, रडले, चिडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही. शेवटी मीच तेल लावलं.

त्यानंतर अण्णा सहा वर्षं जगले. जाईपर्यंत त्यांनी घरातल्या एकाही देवाला हात लावला नाही. देवघराच्या उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करायचे.