चौऱ्याहत्तर सालचा टाय

चौसाळ्यात हायवेच्या कडेला, रसवंती आणि पंक्चरवाला यांच्या मधोमध, धुळाजींचं टेलरिंगचं दुकान आहे. पाटीवर 'सूट स्पेशालिस्ट' असं लिहिलंय. ते लिहिलं तेव्हा खरं होतं. आता लोक सूट तयार आणतात आणि धुळाजींकडे फक्त त्याची पॅन्ट आखूड करायला येतात. बाकी दिवसभर ब्लाउज, चेन बदलणे, आणि पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाची कंबर वाढवून देणे. हे शेवटचं काम धुळाजी फार नाजूकपणे करतात. "कापड आटलंय" असं म्हणतात.

तरीही पंचक्रोशीत त्यांची ओळख आहे ती 'टायवाले धुळाजी' म्हणून. त्याचं असं झालं. पन्नास वर्षांपूर्वी इकडच्या नवरदेवांना सासऱ्याकडून सूट मिळू लागला आणि सुटाबरोबर टाय. लग्न झालं की कोट ट्रंकेत जाई, पॅन्ट तहसिलात जायला कामी येई, पण टायचं काय करायचं ते कुणालाच समजेना. एकाने टायने वळकटी बांधून पाहिली. बाकीचे शहाणे, त्यांनी तो आणून धुळाजींच्या हवाली केला. "ठिवा तुमच्यापाशी, पुढच्या नवरदेवाला होईल." असे करत करत दुकानाच्या मागच्या भिंतीला खिळ्यांची एक रांग झाली आणि प्रत्येक खिळ्याला एक टाय: तळहाताएवढे रुंद, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे, एक तर मोठमोठ्या फुलांचा, गोधडीतून कापून काढल्यासारखा.

आणि सगळे गाठ मारलेले. चौसाळ्याची रीतच तशी होती. टायची गाठ एकदा बसली की सोडायची नाही. फास सैल करायचा, डोक्यावरून काढायचा, खिळ्याला अडकवायचा. पुढच्या लग्नात पुन्हा डोक्यावरून घालायचा, मात्र फेटा बांधायच्या आधी. कारण एका घाईतल्या नवरदेवाचा टाय फेट्यावर अडकला होता आणि त्याला तो कपाळावरच बाळगून मांडवात जावं लागलं होतं.

आता जे सांगायचं ते धुळाजींनी पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. या गाठींमधली एकही गाठ त्यांची नव्हती. चौऱ्याहत्तर साली गावातल्या बँकेत दक्षिणेकडचे एक मॅनेजर होते. ते संध्याकाळी दुकानात येऊन बसत, आणि नवा टाय आला की हसत हसत धुळाजींच्याच गळ्यात बांधून देत. शिकवायला ते एका पायावर तयार होते. पण पाटी नुकतीच रंगवून झाली होती. सूट स्पेशालिस्टाने कोणत्या तोंडाने विचारायचं? उद्या विचारू, परवा विचारू म्हणता म्हणता मॅनेजरांची बदली झाली.

मग धुळाजींनी पडदा लावला. नवरदेवाला पडद्याआड न्यायचं, मान वर करून डोळे मिटायला सांगायचं, तयार फास गळ्यात घालायचा आणि अर्धा कप चहा संपेल एवढा वेळ नुसतं खाकरत, कॉलर ओढत उभं राहायचं. बाहेर येताना कपाळावरचा घाम पुसायचा. बाहेर बसलेले वऱ्हाडी मान डोलवत म्हणत, धुळाजीच्या हातची गाठ हाय, अक्षता पडल्या तरी हलायची न्हाई.

गेल्या लगीनसराईत पुण्याहून प्रविण आला. माजी सरपंच मोहनरावांचा नातू, कॉम्प्युटरमधला, दोन दिवसांवर लग्न. त्याच्या होणाऱ्या बायकोची, करिष्माची, हौस अशी की दोघांचे फोटो जुन्या जमान्यातल्यासारखे काढायचे. तिने आजेसासूचं लुगडं मिळवलं. प्रविण दोन महिने जुना टाय शोधत होता. फोनवर मागवलेले 'जुन्या पद्धतीचे' तीन आले. एक बुटाच्या नाडीएवढा, दुसरा चकचकीत, तिसऱ्याला मागे इलॅस्टिक. शेवटी मोहनरावांनी आपल्या लग्नाचा फोटो त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, हा टाय अजून धुळाजीच्या भिंतीला असेल, जा.

होता. तपकिरी, मोहरीच्या रंगाचे तिरपे पट्टे. पहिल्या खिळ्याला. प्रविणला इतका आनंद झाला की त्याने टाय हातात घेतला, उलटा केला, आतलं अस्तर बघायचं म्हणून रुंद टोक ओढलं, आणि पन्नास वर्षांची गाठ धुळाजींच्या डोळ्यांदेखत सुटून सरळ झाली.

"एक नंबर आहे, काका," प्रविण म्हणाला. "तीन वाजता आजोबांना घेऊन येतो. तुम्हीच बांधून द्या, फोटोतल्यासारखा. पाचला माजलगावच्या धरणावर फोटोग्राफर येणारे."

मला बांधता येत नाही एवढे चार शब्दसुद्धा धुळाजींच्या तोंडून निघाले नाहीत. ते "हं" म्हणाले. गाडी गेली.

धुळाजींच्या पत्नी वत्सलाबाई आत मूग निवडत बसल्या होत्या. धुळाजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि टाय पुढे धरून, खाली बघत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. बँकेचे मॅनेजर, पडदा, खाकरणं, सगळं.

"मला ठावं हाय," वत्सलाबाई मुगातला खडा काढत म्हणाल्या.

"कवापासून?"

"लगीन होऊन आले त्या सालापासून. पडदा खालून वीतभर आखूड हाय. तुमचे पाय नुस्ते उभे असत्यात."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"तुमी घाम पुसत बाहेर यायचे तवा लई ऐटीत दिसायचे. म्हनलं, ऱ्हाऊ दे."

आधी वत्सलाबाईंच्या फोनवर व्हिडिओ लावून पाहिला. त्यातला माणूस समोर तोंड करून भराभर बांधत होता. त्याचा उजवा हात तो आपला डावा की उजवा, यातच पहिला व्हिडिओ संपला. दुसऱ्या खेपेला गाठ झाली, पण रुंद टोक बेंबीच्या वर आणि बारकं टोक मांडीपर्यंत. तिसऱ्या खेपेला म्हशीच्या दाव्याला मारतात तशी गाठ बसली आणि ती सोडायला सुई लागली. दीड वाजला.

धुळाजींनी टाय कटिंगच्या टेबलावर सरळ पसरला. हाताला सवय म्हणून बोटांनी सुरकुत्या दाबू लागले आणि तिथेच थांबले. चष्मा लावला. जुना कोट आल्टरला आला की ते आधी उसवून बघत. कापड कुठे दुमडलं होतं, कुठे शिवण होती, हे विटलेल्या आणि न विटलेल्या रंगावरून त्यांना घडाघडा वाचता येई. इथेही तसंच होतं. तीन बोटं रुंदीचा एक तुकडा उन्हाने विटून पिवळट झाला होता: तो गाठीचा दर्शनी भाग. त्याच्या दोन्ही अंगांना रंग नव्यासारखा गडद: तो आत दडलेला. मधून तिरप्या घड्या, इस्त्रीने पाडल्यासारख्या पक्क्या. मॅनेजरसाहेबांचे हात कुठून कसे गेले, ते सगळं कापडावर उमटलेलं होतं.

"इकडं ये, मान वर कर," धुळाजी म्हणाले.

वत्सलाबाईंच्या गळ्यात, पदरावरून, टाय बांधायला सुरुवात झाली. विटलेलं ते बाहेर, गडद ते आत. घडी सांगेल तिथे वळायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. दोनदा चुकलं. तेवढ्यात ब्लाउज न्यायला साखराबाई आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं बाई, वत्सले, बँकेत लागलीस का काय?"

"मॅनेजर झाले," वत्सलाबाई मान न हलवता म्हणाल्या. "कर्ज पायजे असलं तर उद्या ये."

पुढच्या खेपेला घडीवर घडी बसली. विटलेला तुकडा बरोबर समोर आला, त्रिकोणी, घट्ट. धुळाजींनी सोडलं, पुन्हा बांधलं. पुन्हा सोडलं. सात-आठ वेळा झाल्यावर वत्सलाबाई म्हणाल्या, आता मला जाऊ द्या, नायतर मुगासंगं मीबी भिजंन.

तीन वाजता मोहनराव आले ते खुर्ची ओढून थेट पडद्यासमोर बसले. प्रविणला उभा केला. धुळाजी सवयीने पडद्याकडे वळले.

"पडदा नको ओढू, बे," मोहनराव म्हणाले. "माझ्या टायमाला डोळे मिटायला लावलेस. आज बघू तरी दे, कसं बांधतोस ते."

धुळाजींनी पडदा तसाच ठेवला. हातात कापड आलं आणि पहिली तिरपी घडी बोटाला लागली. टाय गेला, वळला, वरून आला, खाली उतरला. गाठ कॉलरच्या बरोबर मध्ये बसली. मोहनरावांनी खिशातून जुना फोटो काढून बाजूला धरला.

"तीन दिवस झोपतानाबी काढला नव्हता मी," ते म्हणाले. "सुटला तर पुन्हा तुला कशाला तरास, म्हणून."

"मोहनराव, खरं सांगू का?" धुळाजी म्हणाले. आता त्यांना खरं बोलायला काहीच वाटेना. "मी आज पहिल्यांदा बांधला."

मोहनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. वत्सलाबाईंनी पाणी आणून दिलं. "हा पयल्यापासून असाच," ते डोळे पुसत प्रविणला म्हणाले. "एवढी कला अंगात, पण गर्व न्हाई."

धुळाजींनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं, तर ते आणखी हसले. मग त्यांनी नाद सोडला.

प्रविण आरशात बघत होता. "काका, एकदा सोडून दाखवता का? मलाही शिकायचंय. पण सुटला आणि परत असा नाही जमला तर..."

"सोड की," धुळाजी म्हणाले. "त्यात काय हाय? पुन्हा बांधू."

प्रविणने रुंद टोक ओढलं आणि गाठ सुटली. धुळाजींनी त्या सुटलेल्या टायकडे पाहिलं आणि त्यांना काहीही झालं नाही. उलट सकाळपासून आपल्या पोटात काही गेलेलं नाही, हे त्यांना एकदम कळलं. पोराच्या मागे उभं राहून त्यांनी त्याचे हात धरले, विटलेली बाजू बाहेर ठेवायला सांगितली, आणि आतल्या अंगाला तोंड करून वत्सलाबाईंना विचारलं, भाकरी झाली का.