पिंकीची नडगी आणि माझी सळई

पावसाळ्यात वाहून गेलेला रस्ता दुरुस्त झाला, भामरागडहून एसटी पुन्हा सुरू झाली, आणि मी नात पिंकीला घेऊन चंद्रपूरला निघाले. लेक धानकापणीत, सून बाळंतीण, उरले मी. पिंकीची नडगी वर्षभर रात्री ठणकत होती. गोळी घेतली की थांबायची, गोळी उतरली की पुन्हा ठणका. तपासण्यांत कळलं, हाडात हरभऱ्याएवढी गाठ आहे. कॅन्सरची नाही, पण घालवायला हवी.

खिडकीबाहेर सागवान, मध्येच धानाचे पुंजणे (कापलेल्या पेंढ्यांच्या गंजी). एरवी मी अख्ख्या गाडीची करमणूक करते. शेजारच्या बाईने विचारलं, "पोरीच्या पायाले काय झालं जी?"

"चुलीवर पडली," म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

पिंकीच्या नडगीवर डाग होता (तापल्या सळईचा चटका). माझ्या हातचा. लग्न होऊन आले तेव्हा सासूकडून ही विद्या घेतली. कोणाचं पोट दुखो, कोणाला कावीळ होवो, बोलावणं मला. ती विशीतली भवानी, म्हणजे मीच, पदर खोचून चुलीत सळई अशी फिरवी, जणू जिल्ह्याची सिव्हिल सर्जन. बरं वाटलं तर तिचा हात गुणाचा. नाही वाटलं तर पोरगं हललं म्हणून. आज भेटली तर त्याच सळईनं हाकलीन तिला.

आलापल्लीला आलुबोंडा आणि तर्री (तिखट लाल रस्सा) घेतली. अर्धी तर्री माझ्या पांढऱ्या लुगड्यावर सांडली. "आजी, नवरी दिसून राह्यली," पिंकी हसली. तेवढंच काय ते हसणं. पुढे कोळशाच्या ट्रकांमागून धूळ खात आम्ही चंद्रपुरात शिरलो.

दवाखान्यात नागपूरहून आलेले तरुण डॉक्टर होते. नडगी बघून म्हणाले, "ही भाजल्याची खूण कसली?"

"चुलीवर पडली जी," पिंकी म्हणाली. बसमधलं माझं खोटं तिनं जसंच्या तसं उचललं होतं, तेही मला वाचवायला.

डॉक्टर समजावू लागले, "मशीनवर बघत बारीक सुई हाडातल्या गाठीपर्यंत नेतो आणि सुईचं टोक तापवतो. गाठ आतच जळते. कापाकापी नाही."

'तापवतो' ऐकताच पिंकी खाटेवरून उतरली. "मले नाई पाहिजे. घरी चल, आजी."

"अगं, एवढ्या लांबून आलीस ना?" डॉक्टरांना काही कळेना. ती लंगडत दारापर्यंत गेली. अशीच गेली असती तर तो ठणका घेऊनच गेली असती.

"साहेब, ती पडली नाई," मी म्हणाले. "डाग मीच दिला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिंकीला म्हणाले, "आम्ही भूल देतो. तुला कळणारसुद्धा नाही."

"खरंच? आजीनं तं तोंडात पदर कोंबला होता."

मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. ते सोडलं.

पिंकी दारातून परत येऊन खाटेवर बसली. "मंग करा. पण आजीले बाहेर बसवा."

बाहेर बसले. बाकावर एक बाई शेंगा खात होती, गप्पांना अगदी सोयीची. मी लुगड्यावरचा तर्रीचा डाग चोळत बसले.

त्या रात्री पिंकी झोपली. सुईची जागा थोडी दुखली, पण तो ठणका नव्हता. परतीच्या गाडीतही माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिनं टाकलं, एवढंच मी मनाशी धरून ठेवलं.

घरी पोचलो तर दारात शेजारची मंदा, कडेवर तान्हं पोर. "काकी, कवाची वाट पाहून राह्यली. याचं पोट फुगलं. चूल पेटवून ठेवली."

मी काही बोलायच्या आत पिंकीनं सलवार वर केली. एक बोटभर लांब, चामडी ओढलेला डाग. बाजूला इवलीशी पट्टी. "हा आजीचा, आन् हा डॉक्टरचा. कोणत्यानं बरं वाटलं, ते आजीलेच विचार."

मंदा माझ्याकडे बघू लागली. पिंकीही.

"चूल विझव," मी म्हणाले. "पोराले नीट गुंडाळून घे. मी येतो तुह्यासंगं दवाखान्यात."

बरं झालं, चपला अजून पायातच होत्या.