तेविसाव्यांदा दाबू नका!

आमच्या केडगावच्या ऑफिसात एक नियम आहे: जुनं काही पुसायचं नाही. यादीत बदल झाला की नवी यादी करायची, आणि जुनीच्या फांद्या तिच्यासाठी तशाच वापरायच्या, झाडासारख्या. त्यामुळे डेटा साठतो आणि फजितीचे किस्सेही! आम्ही दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. चौघंच आहोत.

*

मनीषाताई आमच्या सीनियर. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "या झाडाला मर्यादा आहे. मोजणी दोनशे चौदा कोटींच्या वर गेली की आकडा उणे होतो."

मी हसलो. "ताई, अख्ख्या नगर जिल्ह्यात एवढ्या गाई न्हाईत!"

"गाई नसतात रे. तुझ्यासारखे असतात!"

*

मग आमच्या स्वप्नीलनं गंमत केली. यादीत एकच गाय टाकली आणि यादी यादीलाच जोडली. दोन झाल्या. पुन्हा जोडली, चार. फांद्या त्याच, म्हणून मेमरी हललीसुद्धा नाही! एकतिसाव्या वेळी आकडा आला: उणे दोनशे चौदा कोटी.

स्वप्नील पांढराफटक. "ताई, गाय एकच हाय ओ!"

*

गेल्या गुरुवारी दुपारी मी माझाच कोड उघडला. सिंकचं, म्हणजे सर्व्हरशी यादी जुळवायचं, बटन दाबलं की नवी नावं जोडायची, तिथं मी यादी यादीलाच जोडली होती! सोमवारी सकाळी तेच व्हर्जन सगळीकडे गेलेलं.

आमच्या गावच्या दूध सेंटरवर तीनशे सभासद. हिशेब केला: बावीस वेळा दाबलं तर चालेल, तेविसाव्याला उणे. मग मशीन यादी रिकामी समजणार आणि कुणाचंच दूध घेणार नाही. त्यात माझ्या आईचंही.

"दिवसाला दोनदाच दाबतात ना?" ताई म्हणाल्या. "मग वेळ आहे."

पण सेंटरवरचे बापू मला ठाऊक होते. रेंज नसते म्हणून ते सकाळी तीनदा दाबतात, संध्याकाळी तीनदा. म्हणजे आज सकाळपर्यंत एकवीस!

*

बापूंचा फोन लागेना. गाडी काढली. पोचलो तर किटल्या घेऊन रांग उभी, रांगेत आई, आणि बापूंचं बोट बटनावर.

"बापू, थांबा! आत्ता किती वेळा दाबलं?"

"एकदाच."

बावीस. मी तिथंच ओट्यावर बसलो.

बापूंनी पाणी दिलं. "लई घाबरला रं पोरा! रेंजचा तरास आता कुनालाच न्हाई. सोमवारीच ग्रुपवर टाकलंय मी, तालुक्यातल्या समद्या सेंटरांना: तीनदा दाबा!"