सुनंदाच्या नावानंतरची शांतता

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी अंगारे-धुपारे सुचवायला नको... मी असल्या गोष्टी मानत नाही. अमावास्येला रस्त्यात टाकलेलं लिंबू सरळ ओलांडून जाणारी बाई आहे मी. सासूबाई होत्या तोवर त्यांना याचा फार राग यायचा. इथले अनुभवही मी करमणूक म्हणून वाचते आणि वाचून निवांत झोपते. त्यामुळे माझ्या बाबतीत जे झालं ते लिहावं की नाही, हेच बरेच दिवस ठरत नव्हतं. पण ज्या दोघींची ही गोष्ट आहे त्यांनीच "लिही" म्हटलं. नावं तेवढी बदलली आहेत.

मी बेळगावात अनगोळला राहते. मिस्टर उद्यमबागला एका फौंड्रीत सुपरवायझर. लॉकडाउनमध्ये लेकीचं कॉलेज घरातूनच चालायचं, तेव्हा तिच्याकडून मी स्लाइड शो करायला शिकले. फोटो लावायचे, मागे संगीत, मधेमधे आपल्या आवाजात निवेदन. आधी नणंदेच्या लग्नाच्या वाढदिवसाला केला, मग कुणाची साठी, कुणाची रिटायरमेंट... हळूहळू ओळखीतले लोक मागून करून घेऊ लागले. माझा स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं लोखंडी कपाट. दारं उघडायची, आत गोधड्यांची चळत, समोर माईक. गोधड्यांमुळे आवाज घुमत नाही. मिस्टर म्हणतात, "कपाटाशी बोलून झालं असंल तर आमच्याशी बी बोला की जरा."

तर निपाणीजवळच्या आमच्या गावच्या हायस्कूलच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलं आणि स्लाइड शो अर्थातच माझ्या गळ्यात पडला. ग्रुपचा ॲडमिन दिलीप, निपाणीत त्याचं खताचं दुकान आहे. गावातल्या सगळ्यांची सगळी माहिती त्याला असते आणि नसली तरी तो सांगतो. त्याने फर्मान काढलं, "प्रत्येकानं दोन फोटो पाठवा, एक तवाचा, एक आताचा." लोकांनी काय काय पाठवावं... कुणी आधार कार्डाचा फोटो, कुणी गुलाबाच्या चौकटीतला, एकाने तर नुसता ट्रॅक्टर पाठवला. मी डोक्याला हात लावला.

माझ्या डोक्यात मात्र एक कल्पना होती. आमच्या वर्गशिक्षिका देसाई बाई आता निपाणीत मुलाकडे असतात. वय झालंय, गुडघे गेलेत, पण आमच्या वर्गाची हजेरी त्यांना अजून तोंडपाठ आहे. म्हटलं, बाईंच्या आवाजात हजेरी रेकॉर्ड करायची. प्रत्येक नावानंतर थोडी जागा सोडायची आणि तिथे ज्याने-त्याने व्हॉइस नोटवर पाठवलेलं "हजर" चिकटवायचं. आणि जे आता नाहीत, त्यांच्या नावानंतर काहीच नाही. फक्त फोटो, समई आणि शांतता. अशी तीन नावं होती आणि त्यातलं एक सुनंदाचं होतं.

सुनंदा माझ्या बाकावरची. दुसरा बाक, खिडकीकडची बाजू तिची. बारा महिने नाक चोंदलेलं, आणि तरी बोलायची हौस दांडगी. हजेरीला सगळे "हजर बाई" म्हणायचे, ही म्हणायची, "हाय की बाई." बाई रोज सांगायच्या, "सुनंदा, हजर म्हणावं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दहावीनंतर मी मामाकडे कॉलेजला गेले, मग लग्न होऊन बेळगावला आले. मधे कधीतरी दिलीपनेच सांगितलं होतं की ती बाळंतपणात गेली. त्या दिवशी मी पोळ्या करता करता खूप रडले होते.

बाईंकडे रेकॉर्डिंगला गेले तेव्हा दुपार होती. मुलगा-सून कामावर. घरात आम्ही दोघीच. मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, माईक मांडला आणि म्हटलं, "बाई, नाव घेतलं की थोडं थांबायचं हं."

"मला शिकवू नकोस," बाई म्हणाल्या. "जन्मभर हजेरी घेतली आहे मी."

आणि घेतली त्यांनी. डोळे मिटून, एकही नाव न चुकता. मी समोर बसून ऐकत होते. मला तेव्हा बाईंच्या आवाजाशिवाय काहीही ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून एडिटिंगला बसले. कानाला हेडफोन. व्हॉइस नोट अजून जोडायच्याच होत्या, ही नुसती मूळ फाइल. ते तीन रिकामे तुकडे आधी साफ करावेत म्हटलं. शांततेतच बारीकसारीक खुडबुड जास्त कळते, म्हणून तिथे आवाज मोठा केला. पहिलं नाव... मग शांतता, लांबवर एक रिक्षा. दुसरं नाव... शांतता. मग बाईंचा आवाज, "सुनंदा पाटील."

"हाय की बाई."

चोंदलेल्या नाकातून. शाळकरी पोरीचा आवाज. त्यावर बाई "हं" म्हणाल्या आणि पुढचं नाव घेतलं.

हेडफोन काढून मी आधी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. परत येऊन ऐकलं, तेच. आता मी काय मूर्ख नाही. आधी वाटलं, शेजारच्या घरातलं पोर असेल. पण खिडकीबाहेरून आलेला आवाज वेगळा कळतो, पातळ येतो. हा खोलीतला होता, माईकपासून थोडा लांब, बाकावर बसून बोलल्यासारखा. मग रेकॉर्डिंगमधली घरघर काढायचा प्रयोग केला. सॉफ्टवेअरला शांततेचा एक नमुना द्यायचा, की ते तेवढी घरघर पुसून टाकतं. घरघर गेली, रिक्षा गेली, तो आवाज उलट स्वच्छ झाला.

संध्याकाळी मिस्टर आले. त्यांना काहीही न सांगता ऐकवलं. "कोण ही पोरगी?" म्हणाले. म्हणजे माझ्या कानाचा दोष नव्हता.

बाईंना फोन केला. म्हटलं, "बाई, सुनंदाच्या नावानंतर तुम्ही 'हं' म्हणालात. बाकी कुणाच्याच नावाला नाही म्हणालात." बाई म्हणाल्या, "मी म्हणाले? उत्तर आलं असेल गं, म्हणून म्हणाले असेन." आणि त्यांनी विषय बदलून माझ्या लेकीच्या नोकरीची चौकशी केली.

दिलीपला क्लिप पाठवली तर तो वैतागला. "वैशाली, काय तरी खरखर आलीया, काढून टाक आनि पुढं चल. हॉल बुक झालाय."

"तुला कुणी सांगितलं ती गेली म्हणून?"

"सगळ्यास्नी म्हाईत हाय की."

"सगळ्यांत पहिलं कुणी सांगितलं?"

त्याला ते आठवेना. मी आणखी दोघी-तिघींना विचारलं. प्रत्येकीने दुसरीकडून ऐकलेलं. अंत्ययात्रेला गेलेलं कुणी नाही, सासर कुठलं तेही कुणाला ठाऊक नाही. मला एकदम राग आला... स्वतःचा, दिलीपचा, सगळ्यांचाच. एका माणसाला आपण समई लावून बसवणार आणि ते गेलं कसं, कुठे, हे कुणाला धड माहीत नसावं? स्लाइड शो तिथेच थांबवला.

रविवारी मिस्टरांना घेऊन गावी गेले. सुनंदाची आई, आमच्या काकी, अजून त्याच घरात मुलाजवळ राहतात. वडील वारले. मुलगा-सून शेतात गेलेले. काकी सोप्यात, म्हणजे ओसरीवर बसून सोयाबीन निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं, गूळ-पाणी दिलं. मी चाचरत म्हटलं, "काकी, शाळेच्या कार्यक्रमासाठी सुनंदाचा एखादा फोटो पाहिजे होता."

"कशाला?"

माझ्याच्याने श्रद्धांजली हा शब्द बोलवेना. मोबाइल काढला आणि क्लिप लावली. काकी सूप खाली ठेवून ऐकत राहिल्या.

"परत लाव."

परत लावली.

"सर्दी झालीया तिला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कवा बोलली तुज्याशी?"

मी खरं ते सांगून टाकलं. आम्ही सगळे ती गेली असंच धरून होतो, हेही सांगितलं. काकींनी पदर तोंडाला लावला नाही की काही नाही. सरळ बसूनच बोलल्या.

"मेली न्हाय ती. आमी तिच्या नावानं आंघोळ केलीया. निपाणीतल्या बौद्धाच्या पोराबरोबर लगीन केलं तिनं, रजिस्टर. मालकांनी सगळ्या घराला आंघोळ करायला लावली, मेल्यावर करत्यात तशी. मी बी केली. जित्या लेकीच्या नावानं डोस्क्यावरनं पानी घेतलं बाई मी. मग गावात कोन काय बोललं, कोन काय... आमी कुनाला नगं म्हनालो न्हाई."

"आता कुठं असते ती?"

"मला काय ठावं? मालक असूस्तोवर नाव काढायची सोय न्हवती. आता पोरगा काय म्हनत न्हाय, पर फुडं बी हुईत न्हाय. ती हाय का न्हाय ह्ये बी कुनी मला सांगाय आलं न्हाय." मग माझा हात धरला. "बघतीस का गं जरा?"

त्या हाताला सोयाबीनची माती होती. माझ्या स्लाइड शोचं, त्या आवाजाचं, सगळ्याचं मला त्या क्षणी काही वाटेनासं झालं. एवढंच कळलं की ही बाई इतकी वर्षं लेक आहे की नाही हे माहीत नसताना रोज उठून घरकाम करत आली आहे, आणि आपल्याला आता ही लेक शोधायची आहे.

शोधायला काही जग पालथं घालावं लागलं नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. जावयाचं नाव काकींना माहीत होतं. ते मी दिलीपला सांगितलं. त्याने अर्ध्या तासात फोन केला, आवाज पार उतरलेला. "वैशाली, त्याचा थोरला भाऊ माज्या दुकानात येतोय गं नेहमी. मी कधी इचारलंच न्हाय." नंबर मिळाला. लग्नानंतर तिने नाव बदललेलं, सुजाता. फेसबुकवर कुणाला सापडणार कशी?

गावाहून परतताना वाटेतच एका झाडाखाली गाडी थांबवून फोन लावला.

"सुनंदा?"

"कोन बोलतंय?"

"वैशाली. तुझ्या बाकावरची."

"वैशे..." नाक तसंच चोंदलेलं. "कुठं असतीस गं?"

"बेळगावला. अनगोळात."

"मी सदाशिवनगरला हाय की." ती बँकेत अधिकारी, नवरा वकील, दोन मुलं. एकाच गावात आम्ही भाजी घेत होतो. मी काही सांगायच्या आधी तिने विचारलं, "आई हाय का?"

"आहे," मी म्हटलं. मग ती रडली आणि मीही रडले. मिस्टर गाडीतून उतरून उगाचच टायर बघत बसले.

तिला ती क्लिप नंतर ऐकवली. रेकॉर्डिंग झालं त्या दुपारी ती बँकेतच होती, कसलीशी मीटिंग चालू होती. स्वप्न नाही, आठवण नाही, काही नाही. "माजा आवाज हाय," म्हणाली, "पर आताचा न्हाय." बेळगावातल्या एका ओळखीच्या रेकॉर्डिंगवाल्यालाही फाइल दाखवली. तो म्हणाला, जोडकाम नाही, त्या वेळी खोलीत कुणीतरी बोललेलं आहे. खोलीत कोण होतं ते मला माहीत आहे, बाई आणि मी.

पुढच्या रविवारी आम्ही काकींना घेऊन सदाशिवनगरला गेलो. जावई फाटकाशीच उभे होते. "या आई," म्हणाले आणि हात धरून पायऱ्या चढवल्या. मायलेकी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, पण गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. सुनंदा पाणी घेऊन आली, चहा घेऊन आली. काकींनी कशालाच हात लावला नाही. घर बघितलं, भिंतीवरचे फोटो बघितले, नातवंडांना जवळ घेऊन नावं विचारली. मग म्हणाल्या, "न्हाणी कुठं हाय?"

"आई, आंघोळ करायची तुला?"

"मला न्हाय. तुला. पानी तापीव."

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. मग गीझर लावला. काकींनी आपल्या पिशवीतून तेलाची बाटली काढली, शिकेकाई काढली, घरून आणलं होतं सगळं. बँकेतली ती अधिकारीण बाई पाटावर जाऊन बसली आणि आईने तिच्या डोक्यावर तेल घातलं. आम्ही सगळे बाहेर थांबलो. दाराआडून नुसता तांब्याचा आवाज येत होता आणि मधेच काकींचा, "मान खाली घाल... अजून घाल." खूप वेळ चाललं ते.

गेट-टुगेदरला श्रद्धांजलीत दोनच फोटो होते. सुनंदाचा "आताचा" फोटो मी त्या दिवशीच काढला होता, ओल्या केसांचा, शेजारी आई. कुणाचे फोटो मी जरा उजळ करते, कुणाचे डाग पुसते. त्या फोटोला काहीही केलं नाही.

आणि तो आवाज? मूळ फाइल माझ्याकडे आहे. पुष्कळदा ऐकली, पुष्कळांना ऐकवली. तुमच्यापैकी कुणाकडे काही उत्तर असेल तर जरूर सांगा. माझ्याकडे नाही. काकी आता महिन्यातले काही दिवस सदाशिवनगरलाच असतात.