अवजड वाहनांस बंदी

आमच्या सांगलीच्या गल्लीतून नव्वदच्या सुमारास दिवसभर ट्रक जायचे. कशावर हळदीची पोती, कशावर गुळाच्या ढेपा. बाजारातून कोल्हापूर रस्त्याला लागायचं तर मोठा वळसा पडायचा, तो चुकवायला ड्रायव्हर लोक आमची गल्ली धरायचे. खिडकीच्या गजांवर पिवळी धूळ बसायची, फळीवरच्या कपबश्या थरथरायच्या. सगळी गल्ली त्या ट्रकांच्या नावानं बोटं मोडायची. आमच्या घरात मात्र आई प्रत्येक हॉर्नला कान टवकारून बसायची, कारण त्यातल्या एका ट्रकवर माझा थोरला भाऊ होता.

दादा फौजेतून पळून आलेला. खरं तर पळून नव्हे, ट्रेनिंग अर्धवट टाकून रीतसर परत आलेला. पण आमचं मूळ गाव कुंडल, आजोबा फौजेत, वडील म्हणजे आबा सुभेदार होऊन निवृत्त. अशा घरात या दोन्हींत कुणी फरक करत नाही. आबांनी त्याला सोप्यात उभं केलं आणि सांगितलं, "ह्या उंबऱ्याच्या आत पुन्यांदा पाय टाकायचा न्हाई." दादाही त्यांचाच मुलगा. त्यानं ते अक्षरशः पाळलं. येता-जाता तो दारासमोर ट्रक सावकाश करायचा. इंजिन चालूच. आई ओट्यावरून हात उंच करून जेवणाचा डबा केबिनमध्ये द्यायची आणि रिकामा डबा घ्यायची.

"बरा हाईस न्हवं?"

"व्हय."

एवढंच. मागच्या गाडीनं हॉर्न मारला की दादा निघायचा.

आबा तेव्हा मागच्या परसात असायचे. दादाच्या ट्रकचा आवाज आला की त्यांना नेमकं तुळशीला पाणी घालायचं आठवायचं. पाणी पिऊन पिऊन आमची तुळस कुजायला आली होती. मला हसू यायचं. त्या वयात हसूच येतं. वाटेवरून जाता जाता थांबणं वेगळं आणि मुद्दाम दारात येऊन उभं राहणं वेगळं, हे मला पुढं कळलं. रस्ताच तिथून जातो म्हटल्यावर दादाला मान खाली घालावी लागत नव्हती आणि आबांना शब्द मागं घ्यावा लागत नव्हता. दोघांचीही अब्रू त्या रस्त्यानं सांभाळली होती.

मग पलीकडच्या घरातली एक शाळकरी मुलगी सायकलवरून पडली आणि ट्रकचं चाक तिच्या पावलावरून गेलं. पाय राहिला, पण चालणं कायमचं लंगडं झालं. तो ट्रक दादाचा नव्हता, हे कळल्यावर आईनं देवापुढं साखर ठेवली आणि मग त्या पोरीसाठी बसून रडली.

गल्ली पेटून उठली, आणि चूक काहीच नव्हती त्यांची. मारुतीच्या देवळात बैठक झाली, ट्रक अडवायला गल्लीचं मंडळ काढायचं ठरलं. शिस्तीचं काम म्हटल्यावर सगळ्यांच्या माना आबांकडं वळल्या. आबा म्हणाले, "दुसरं कोनतरी बघा." लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटला. खरं कारण सांगायचं तर चारचौघांत मुलाचं नाव काढावं लागलं असतं. ते आबांच्यानं झालं नाही. ते गप्प बसले आणि प्रमुख झाले.

आधी गल्लीच्या तोंडाला आडवा बांबू बांधला. तो एका ट्रकनं मोडून सरळ पुढच्या चौकापर्यंत ओढत नेला. तेव्हा कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्यांनी युक्ती काढली. लग्नं आणि पासपोर्ट फोटो यांवर पोट असलेला साधा माणूस. म्हणाले, "सुभेदार, बांबू मोडतो, फोटो मोडत नाही." त्यांच्या खिडकीत कॅमेरा लागला. 'अवजड वाहनांस बंदी' अशी पाटी लागली. ज्याची चूल गल्लीत पेटते त्याच्याच टेम्पो-ट्रकला पास द्यायचा, असं ठरलं. पास म्हणजे पुढच्या काचेला आतून चिकटवायचं हिरवं कार्ड. ते नसलेली गाडी शिरली की फोटो काढायचा, एक प्रत वाहतूक चौकीत आणि एक देवळाच्या वाटेवरच्या मंडळाच्या फळ्यावर. बाजारातले व्यापारी त्याच फळ्यावरून देवळात यायचे. ज्याचा माल त्या ट्रकवर, त्याला चारजण विचारायचे. त्या लाजेपोटी ट्रक खरोखरच कमी झाले. पोरं रस्त्यावर विटीदांडू खेळू लागली. सगळे आबांचं कौतुक करायचे आणि आबा घरात येऊन कुणाशी बोलायचे नाहीत.

दादाही यायचा थांबला. आई डबा भरायची आणि संध्याकाळी तोच स्वतः खायची.

एकदा मात्र त्याला राहवलं नाही. ट्रक आला, आई धावली, डबा दिला, आणि कोपऱ्यावर कॅमेऱ्याचा खटका दाबला गेला. दोन-चार दिवसांनी स्टुडिओवाले स्वतः आमच्याकडं आले. फोटो त्यांनी शर्टाच्या आत लपवून आणला होता. "सुभेदार, हा लावत नाही. फाडून टाकतो."

आबांनी फोटो मागून घेतला. ट्रकचा नंबर स्वच्छ दिसत होता, आणि कडेला आई. टाचा उंचावलेल्या, डोक्यावरचा पदर घसरलेला, डबा धरलेला हात वर. केबिनमधून खाली आलेला दादाचा हात. आबा तो फोटो खूप वेळ बघत होते. इतकी वर्षं हे त्यांच्याच दारात होत होतं आणि त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, आता विरघळतील. ते उठले, चपला घातल्या आणि स्वतःच्या हातानं तो फोटो फळ्यावर लावून आले.

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. आईनं सोडलं नाही. पुढच्या बैठकीला ती देवळात गेली. बायका मागं बसायच्या, ती मागूनच उभी राहिली.

"मला एक पास पायजे," ती म्हणाली. "ज्याची चूल हितं पेटती त्याला पास, आसं तुमीच म्हणला. माझ्या थोरल्याची भाकरी माझ्याच चुलीवर हुतीया. मग त्यो ह्या गल्लीतला का न्हाई?"

स्टुडिओवाले म्हणाले, "बरोबर आहे वहिनींचं." त्या लंगड्या मुलीचा बापसुद्धा म्हणाला, "द्या की सुभेदार. आमची काय हरकत न्हाई." ज्याची हरकत चालली असती तोच असं म्हणाला. आता फक्त आबांनी मान हलवायची होती.

आबा म्हणाले, "माझ्याच घरापास्नं सूट दिली, तर उद्या कुणाला कुठल्या तोंडानं अडवू?"

आई खाली बसली. येताना वाटेत तिनं मला विचारलं, "ह्यो मानूस त्याच्यावर चिडलाय का सोतावर?"

दिवाळीआधी एका सकाळी आई मोरीत कपडे धुता धुता भिंतीला टेकली, ती उठलीच नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. दादा ज्याचा माल न्यायचा त्या बाजारातल्या अडत्याच्या पेढीवर मी निरोप ठेवला. दुपारी दादा आला. ट्रक बाजारातच सोडून चालत आला. गल्लीनं दोन्ही बाजूंना होऊन त्याला वाट दिली. आई सोप्यात होती, फुलं घातलेली. तो ओट्याखाली येऊन थांबला. तिथून त्याला तिची फक्त पावलं दिसत असणार.

आबा दारात आले. "आत ये," म्हणाले.

दादा हलला नाही.

"पास गाडीला लागतो रं," आबा म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "मानसाला न्हाई."

"आबा, ती भाईर यायची म्हणून मी येत हुतो," दादा म्हणाला. "आता आत कुणाकडं येऊ?"

आबांनी दाराची चौकट धरली. मग शेजारच्या चौघांनी आईला उचललं आणि बाहेर ओट्यावर, दादाजवळ आणलं.