सिस्टरांचं ईस्टरचं कार्ड

मी मंगळवार पेठेत लग्नपत्रिकांच्या दुकानात काम करते. पत्रिकांना घड्या घालायच्या, पाकिटं चिकटवायची, रिबिनी ओवायच्या. शाळा चौथीपर्यंत झाली. लिहिता-वाचता येतं, पण चार माणसांत बोलता येत नाही. गिऱ्हाईक आलं की मी मागे कागदाच्या थप्प्यांकडे जाते. मालकांना हे माहीत आहे, ते मला पुढे बोलवत नाहीत. हे मी वाया गेलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही.

मालकांनी मध्ये कागद कापायचं मशीन घेतलं. ते कॉम्प्युटरला जोडलेलं असतं. पडद्यावर चित्र काढलं की आतलं बारीक पातं कागदावर तसंच फिरतं. जिथं कापायचं तिथं आरपार जातं, जिथं घडी घालायची तिथं नुसतं ओरखडतं. पात्याला किती जोर द्यायचा हे मालकांच्या सुनेलाच कळतं. मालक त्या मशीनला हात लावत नाहीत, मी तर त्याच्यावरची धूळसुद्धा लांबून पुसते.

उन्हाळा लागताना एक बाई आल्या. पांढरं पातळ, खांद्याला पर्स. दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, म्हणून मालक त्यांना सिस्टर म्हणाले. त्यांनी चौकटीच्या वहीचा एक कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं चित्र होतं. त्यांना ईस्टरचं कार्ड हवं होतं, उघडलं की आतलं चित्र उभं राहणारं.

“किती काढायची?” मालकांनी विचारलं.

“एक.”

“सिस्टर, एका कार्डासाठी मशीन चालू करायचं म्हंजे एका माणसासाठी पंगत बसवल्यागत हाय की.”

“भाऊच एक आहे, तर दोन कार्डं घेऊन काय करू?”

मालक हसले आणि कागद ठेवून घेतला. मग सिस्टर बसल्या आणि सांगायला लागल्या. त्यांचे वडील, अप्पा, दर ईस्टरला दाढीच्या ब्लेडनं असं कार्ड कापायचे. उघडलं की गुहा उभी राहायची, तिच्या तोंडावरचा धोंडा बाजूला सरकलेला, पुढे लिलीची तीन फुलं. येशूला मेल्यावर ठेवलेली ती गुहा, तिच्यातून तो परत उठला तो हा दिवस. कार्ड आधी कुणी उघडायचं यावरून बहीण-भावांची मारामारी व्हायची. तो भाऊ आता चंदगडकडे असतो. सव्वीस वर्षं बोललेला नाही. पत्र टाकलं तर न फोडता परत येतं. आता अंथरुणाला खिळलाय.

“भावजयीनं चोरून फोन केला,” सिस्टर म्हणाल्या. “ईस्टरला या म्हणाली. दारात आलेल्याला घालवायला ते आता उठू शकत नाहीत म्हणाली.”

“भांडण कशावरनं झालं?”

“जुनं आहे,” एवढंच म्हणून त्यांनी पर्सची चेन ओढली. उठताना म्हणाल्या, “मला बघून तो तोंड फिरवणार. अप्पांचं कार्ड बघून नाही फिरवायचा. तेवढं नीट करा.”

मी थप्पीमागून सगळं ऐकलं.

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी सुनेनं कार्ड कापायला घेतलं. पहिल्या कागदाला घडीच्या रेघाही आरपार कापल्या गेल्या आणि फुलं सुटी होऊन खाली पडली. दुसरा कागद गुहेपाशी फाटला. तिसरा नीट निघाला. सून माझ्या हातात तो देऊन म्हणाली, “मावशी, आता तुमचं काम. उद्या अकराला सिस्टर येणार, बाराची त्यांची यष्टी हाय.” आणि ती मुरगूडला माहेरच्या लग्नाला निघून गेली.

शनिवारी दुकान मीच उघडलं. घड्या घालायला बसले. काही घड्या आत, काही बाहेर. फुलांचे देठ खराट्याच्या काडीएवढे, जरा जोर लागला तर तुटणार. काडेपेटीच्या काडीनं गम लावला. वाळल्यावर कार्ड उघडलं. गुहा उठून उभी राहिली, धोंडा बाजूला, फुलं ताठ. मी मिटलं आणि परत उघडलं. पाच-सहा वेळा तरी केलं असेल. वरच्या पानावर क्रूस कापून काढलेला होता, त्यातून आतलं पांढरं दिसत होतं.

आमच्याकडे कुठल्याही कामाची पहिली पत्रिका देवाची. हळदी-कुंकवाचं बोट लावून ती देवाच्या फोटोपुढं ठेवायची, मग बाकीच्या गिऱ्हाइकाला. इतकी वर्षं ते मीच करते. हात आपोआप गेला असं लिहिलं तर खोटं होईल. कळत होतं. इतकं चांगलं काम हातून झालं, ते देवाला दाखवावं असं वाटलं. कुणाच्या देवाला, हे डोक्यात आलं नाही. पत्रिकेवर गणपती असतो तिथं, वर मधोमध, मी बोट टेकवलं. हळद, मग कुंकू.

मालक आले. फोटोपुढचं कार्ड बघून चप्पल न काढताच थांबले.

“मावशी, काय केलासा हे? ख्रिश्चन लोकांचं कार्ड हाय की ते.”

मी कार्ड उचललं आणि फुंकर मारली. पुसायला गेले तर हळद आणखी पसरली. खालीच क्रूस होता, त्यामुळे वरची पट्टी कापून टाकता येईना. आणि क्रूसाच्या भोकातून आत कुंकू सांडलं होतं. उघडलं तर मधल्या फुलावर लाल.

साडेदहा वाजले होते. मालकांनी सुनेला फोन लावला. तिकडे बँड वाजत होता. ती ओरडून सांगत होती, मालक मला ओरडून सांगत होते, आणि पडद्यावर सगळं इंग्रजी.

“निळ्या खुणेवर दाब म्हणतीया.”

निळ्या खुणा चार होत्या. मी एक दाबली. पातं फिरलं. कागद बाहेर आला आणि उचलल्यावर त्याची गुहा जमिनीवर गळून पडली, धोंडा वेगळा, फुलं वेगळी. दुसरा कागद आत अडकला आणि मशीन नुसतं गुरगुरत राहिलं. मालकांनी बटणच बंद केलं. मी ब्लेड घेऊन हातानं कापायला बसले. पहिल्या फुलाचा देठ अर्धा झाला असेल तेवढ्यात सिस्टर दारात.

मी ब्लेड तिथंच टाकून मागे गेले.

मालकांनी कार्ड त्यांच्या हातात दिलं. सिस्टरांनी वरचं पान पाहिलं, मग उघडलं. बराच वेळ उघडंच धरलं.

“अगदी अप्पांसारखं झालंय,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “हे कुणी लावलं?”

“मी लावलं,” मालक म्हणाले. “पहिली पत्रिका देवाची, अशी आमची पद्धत हाय. चुकलं, सिस्टर.”

तेव्हा मी पुढे यायला पाहिजे होतं. चार पावलं होती. माझी बोटं अजून पिवळी होती.

“लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले,” सिस्टर म्हणाल्या, “तेव्हा माझ्या कपाळाकडे बघून त्यानं दार लावून घेतलं. सासूनं कुंकू लावून पाठवलं होतं. वाटेत पुसता आलं असतं. मी नाही पुसलं.”

मालक म्हणाले, “सून उद्या येतीया. दुसरं करून देतो.”

“उद्याच ईस्टर आहे.”

त्यांनी पर्समधून पाण्याची बाटली काढून रुमालाचं टोक ओलं केलं. कार्डाजवळ नेलं आणि तसंच धरून थांबल्या. मग रुमाल पर्समध्ये टाकला, कार्ड एका वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि स्टँडकडे निघाल्या. कार्ड पुसलं नव्हतं.

रविवार माझा कसा गेला ते लिहीत नाही. भाकरी करताना, भांडी घासताना मला एकच दिसत होतं. आजारी माणसाच्या हातात ते कार्ड, आणि तो उघडतो आहे की नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मालक जेवायला घरी गेले होते. सून वर माळ्यावर होती. मी मागे पाकिटं चिकटवत होते. दुकानात कुणीतरी आलं.

“आहे का कुणी?”

सिस्टरांचा आवाज होता. थप्पीच्या फटीतून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, करड्या सँडल. आवाजावरून काही कळेना. रडलेला नव्हता, आनंदाचाही नव्हता. मी उठायचं ठरवलं. काय म्हणायचं तेही ठरवलं, बोट मी लावलं होतं, मालकांनी नाही, आणि भावानं कार्ड उघडलं का? पण हातातलं पाकीट मी तसंच दाबून बसले. गम वाळला तरी दाबून बसले.

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, बहुतेक बसल्या असतील. मग उठल्या. सँडल दाराकडे गेल्या आणि पायरी उतरल्या.

मालक जेवून आले. “आलतं का कोन?” त्यांनी विचारलं.

“न्हाय,” मी म्हणाले.